रोटरी इंजिन: रिमॅन मागवू की बांधून घेऊ? (नागपूर)

रामदासपेठी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न आडवळणाचा आहे, पण इथे कोणी ना कोणी जाणकार निघतोच.

काका इंग्लंडात नोकरीला होते. २००६ साली त्यांनी तिथे रोटरी इंजिनवाली (आत दोन तिकोनी रोटर फिरतात) माझदा आरएक्स-८ घेतली आणि कायमचे परत येताना भांड्याकुंड्यांसोबत तीही आणली. माझदाने भारतात कार विकल्याच नाहीत, त्यामुळे शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही. काकांनी तिला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. गुडघे दुखायला लागले तशी किल्ली माझ्याकडे आली. सहा गिअरची, २३१ हॉर्सपॉवरवाली. मीटर मैलांचा आहे, आकडा ८४ हजार.

दुखणं असं: सकाळी सुरू होते. बर्डीला जाऊन दहा मिनिटं उभी केली की गरम इंजिन परत सुरू व्हायला मागत नाही. स्टार्टर कण्हत राहतो, मागे पाणीपुरीची गर्दी जमते आणि प्रत्येक जण सल्ला देतो. अर्ध्या तासाने निमूट सुरू होते. ओढही कमी झालीये. नेहमीच्या मिस्त्रीने कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजायचं) लावलं: पुढच्या रोटरवर ७.४, मागच्यावर ७. "काहीच प्रॉब्लेम नाही," म्हणाला. मला पटत नाहीये.

समोर दोन रस्ते आहेत. एक, परदेशातून कारखान्यात रिमॅन (रिमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुनं खोलून परत जुळवलेलं) झालेलं सीलबंद इंजिन मागवायचं. काकांचा ठाम कौल याला. दोन, कोइम्बतूरकडे रेसिंगच्या गाड्यांची कामं करणारा एक जण आहे, त्याच्याकडून आपलंच इंजिन पाहिजे तसं बांधून घ्यायचं. खर्च दोन्हीकडे जीव घाबरा करणारा. काय करू?

बर्डीचा_बंड्या | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५८

भाऊ, रोटरी म्हंजे ते पिस्टन नसलेलं नं? मंग रिंग-पिस्टनचा खर्च तं वाचलाच की!

पुणेरी_टोमणा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:१५

विकून टाका. घेणारा सापडला तर. लिटरला किती देते ते मुद्दामच लिहिलं नाहीत ना?

रामदासपेठी | ११ फेब्रुवारी, रात्री ११:२१

@पुणेरी_टोमणा, शहरात सहा. काकूसमोर आम्ही नऊ सांगतो.

लेस्टरवासी | १२ फेब्रुवारी, पहाटे ३:०५

माझ्याकडे हीच गाडी सात वर्षं होती, एकदा इंजिन बदललंय. आधी ते गेजचे आकडे विसर.

रोटरला तीन बाजू, म्हणजे प्रत्येक रोटरमागे तीन कॉम्प्रेशन. दोन रोटर, सहा आकडे. साध्या पिस्टनच्या गेजमध्ये हवा अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तिन्हीतला जो सगळ्यात चांगला दाब, तोच तो पकडून ठेवतो. एक बाजू धडधाकट असली आणि उरलेल्या दोन मेल्या असल्या तरी काटा सुखात उभा. तुझ्या मिस्त्रीने दोन हुशार पोरांचे मार्क बघून सहा जणांना पास केलंय.

रोटरीचं खास टेस्टर मिळालं तर उत्तम. नाही तर गेजमधला व्हॉल्व्ह काढ, इंजिन गरम असू दे, बॅटरी पूर्ण चार्ज, कोणाला तरी स्टार्टर मारायला बसव आणि काट्याचे झटके मोबाइलवर शूट कर. तीन झटके सारखे आले पाहिजेत. यातून अचूक आकडा मिळत नाही, पण लंगडा कोण ते कळतं. २५० आरपीएमला किमान ६.९ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) हवं, एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीडपेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांमध्ये एकपेक्षा जास्त नको. गरम असताना सुरू न होणं हे कॉम्प्रेशन गेल्याचं नेहमीचं लक्षण. पण आधी मोज.

आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल कधी बदलल्या?

रामदासपेठी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

कॉइल... काकांना विचारलं. "त्या बदलायच्या असतात?" हे उत्तर आलं.

लेस्टरवासी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:४०

झालं मग. चार कॉइल, चार प्लग. कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) जळतं. त्याची जाळी वितळते, चोंदते, धुराला वाट उरत नाही आणि सगळी उष्णता उलटी इंजिनात फिरते. रोटरच्या कडांना हवा अडवणारी सीलं भाजून निघतात. आम्ही पन्नास हजार किलोमीटरला डोळे मिटून कॉइल बदलायचो. तुम्ही आज रिमॅन इंजिन आणून याच कॉइल आणि याच कॅटवर बसवलंत, तर दोन वर्षांनी याच धाग्यावर याल.

हिंगणा_लेथ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मी एमआयडीसीत लेथ-ग्राइंडिंगचं काम करतो, तीस वर्सं झाली. रोटरी एकदाच हातात आली, तेही प्लेटी मोजाले. पन सांगतो.

नागपुरातल्या कोन्या मिस्त्रीनं "बोअर करून ओव्हरसाइज टाकून देऊ" म्हटलं, तं गाडी उचलून घरी घेऊन जा. हे बोअर होतच नाई. हाउसिंग (रोटर ज्याच्यात फिरते ते कवच) अल्युमिनियमचं, आतून पोलादी पत्रा, त्याच्यावर हार्ड क्रोम. त्या क्रोमवरच एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) घासत फिरते. क्रोम उडाला का हाउसिंग बदला, दुसरा साधा विलाज नाई. बाजूच्या प्लेटी बीडाच्या, त्याईच्यावर नायट्रायडिंगचं कडक कातडं असते. तिथं खड्डा पडला म्हनून फेसिंग मारली (घासून सपाट केली) तं ते कातडंच निघून जाते. मंग काम वर्सभर चांगलं वाटते, अन् बाद में पाह्य.

म्हनून मी म्हनतो, बांधनाऱ्याले पहिले हे इचार: प्लेट कितीपर्यंत घासलेली चालते, अन् मोजून कागदावर देशीन का? जो "सब हो जाएगा" म्हनते त्याच्यापासून दूर राह्य.

उष्मागतिकी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:००

हिंगणा_लेथ यांना शंभर टक्के अनुमोदन. मी थर्मल शिकवते, मुलांना रोटरीचा एक तास आवडीने देते. पेपरात येत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही ते सोडा.

या इंजिनाचं मूळ दुखणं समजून घ्या. साध्या इंजिनात सिलिंडरचं डोकं तापतं, पण थंड हवाही तिथेच आत येते, म्हणजे तापमान थोडंफार वाटलं जातं. रोटरीत हवा घेण्याची जागा वेगळी आणि स्फोटाची जागा वेगळी, आणि त्या जागा कधीच बदलत नाहीत. हाउसिंगची एक बाजू कायम भट्टी, दुसरी कायम गार. एकच भांडं अर्धं चुलीवर, अर्धं ओट्यावर. त्यामुळे पाण्याच्या सीलांवर सतत ताण असतो. रोज सकाळी पांढरा धूर आणि पाणी कमी होतंय का, हे बघा. तसं असेल तर तो वेगळा आजार आहे.

आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते. इंग्लंडच्या हवेसाठी बसवलेला रेडिएटर आज वीस वर्षांचा झाला आहे. इंजिन कोणतंही घ्या, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखे यांचे पैसे आधी बाजूला काढा.

बर्डीचा_बंड्या | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मॅडम, हा तास आमच्या कॉलेजात कायले नाई झाला 😀

न्हावाशेवा | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मी बंदरावर क्लिअरिंगचं काम बघतो. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण रिमॅनच्या किमतीत तुमची फसगत होऊ नये म्हणून लिहितो.

१. रिमॅनची जाहिरातीतली किंमत बहुतेकदा "जुनं इंजिन परत द्या" या बोलीवर असते. त्याला कोअर म्हणतात. परत दिलं नाही तर अनामत बुडाली. नागपूरहून शंभर किलोच्या वरचं, तेलकट, जुनं इंजिन परदेशी पाठवण्याचा खर्च आणि कटकट बघता बहुतेक जण अनामतीवर पाणी सोडतात. ती रक्कम किमतीतच धरून चाला.

२. ड्युटी नुसत्या इंजिनाच्या किमतीवर नसते, भाडं आणि विमा धरून होते. अनामत इन्व्हॉइसमध्ये वेगळी दाखवून घ्या, नाही तर तिच्यावरही भराल.

३. सगळ्यात महत्त्वाचं. विकणारा "रिमॅन" म्हणतो, पण कस्टमच्या टेबलावर प्रश्न येतो: माल नवा की जुना? जुन्या मालाचे नियम वेगळे आहेत. ऑर्डर देण्याआधी कागद एजंटला दाखवा. माल येऊन पडल्यावर फोन करणारे लोक मला रोज भेटतात. तोवर डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चालू झालेलं असतं.

नंदनवन_४४०० | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:००

चौथा मुद्दा माझा. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आरसीवर आरटीओकडून नोंद करून घ्यावी लागते. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे रिन्युअल आणि फिटनेस आलंच. तिथे नंबर जुळला नाही तर खेटे. बांधून घेताना नंबर असलेली प्लेट तीच राहिली तर ही भानगड नाही. कोइम्बतूरवाल्याला सांगून ठेवा: नंबरची प्लेट बदलायची वेळ आली तर आधी फोन.

पुणेरी_टोमणा | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

एवढ्या पैशात एक नवी हॅचबॅक येते, आणि ती बर्डीहून घरी परतसुद्धा येते.

रामदासपेठी | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

@पुणेरी_टोमणा, येते. पण ९००० आरपीएमला तिचा आवाज ऐकून शेजारचे आजोबा खिडकीत येत नाहीत.

रच्याकने, आज नवंच झालं. काकूला स्कूटी काढायची होती, म्हणून माझ्या चुलतभावाने गाडी थंड असताना दहा फूट मागे घेऊन बंद केली. आता अजिबातच सुरू होत नाहीये.

लेस्टरवासी | १४ फेब्रुवारी, पहाटे २:३०

फ्लड झाली, म्हणजे आत पेट्रोल साचलं. इंजिन थंड असताना सुरू करून लगेच बंद करायची नसते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. ॲक्सिलरेटर तळाला टेकवून स्टार्टर मार, दहा सेकंदांच्या वर नको. तसं केलं की पेट्रोल बंद होतं आणि आतलं बाहेर फेकलं जातं. मग पाय काढून नेहमीसारखी सुरू कर. नाही झाली तर प्लग काढून वाळव.

रामदासपेठी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

झाली! धुराने कॉलनी भरली. आजोबा खिडकीत आले.

भंडारा_रोड | १५ फेब्रुवारी, रात्री १०:००

माझा अनुभव. गाडी आरएक्स-७, रायपूरच्या मित्राची, पण धावपळ माझीच. आम्ही रिमॅन मागवलं होतं. खोक्यातून काढलं तेव्हा आरशासारखं चकाचक. चार महिन्यांत पाणी प्यायला लागलं. वॉरंटी होती, बारा महिन्यांची. त्यांचं उत्तर आलं: इंजिन परत पाठवा, तपासून सांगू, जायचं-यायचं भाडं तुमचं. आणि बसवणारा मेकॅनिक त्यांच्या यादीतला होता का? रायपूरचा कुठला त्यांच्या यादीत असणार! कोणाचं इंजिन ते लिहीत नाही, कारण दोष त्यांचा की आमच्या बसवण्याचा, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.

रिमॅन म्हणजे "नवं" असा काकांचा समज असेल तर तो काढा. त्यात सीलं नवी असतात, पण रोटर, हाउसिंग, प्लेटी या मापात बसल्या तर जुन्याच परत वापरलेल्या असतात. कोणत्या गाडीतल्या, किती चाललेल्या, ते कळत नाही. मापाच्या काठावरचा भागही "पास"च असतो.

उष्मागतिकी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

दुसरी बाजूही मांडते. कारखान्यात प्रत्येक भाग तेच जिग, तीच गेजं लावून तपासला जातो. बांधणारा माणूस एकटा असतो, त्याचा चांगला दिवस असतो तसा वाईटही. माझ्या एका विद्यार्थ्याने दक्षिणेतल्याच एकाकडून इंजिन बांधून घेतलं. त्याने बाहेरची, जास्त कडक एपेक्स सीलं घातली, "रेसिंगची आहेत, तुटणार नाहीत" म्हणून. सीलं खरंच तुटली नाहीत. त्यांनी हाउसिंगचा क्रोम खाल्ला. म्हणून शहरात, नेहमीच्या वापरात असलेल्या गाडीला मूळ कंपनीचीच सीलं घाला. आणि आरएक्स-७ ची सीलं आरएक्स-८ ला चालत नाहीत, उंची वेगळी असते. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सातारा_डोंगर | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

अवांतर: रोटरी म्हटलं की लोक १९९१ च्या ल मान्सच्या शर्यतीवर जातात, चार रोटरच्या माझदा ७८७बी वर. पण आपल्या महाराष्ट्राचाही हात या इंजिनाला लागलाय. निशांत या मानवरहित विमानासाठी बेंगळुरूच्या एनएएल (सरकारी विमानविज्ञान प्रयोगशाळा) आणि एडीईने अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीईसोबत (या दोन्ही डीआरडीओच्या प्रयोगशाळा) ५५ हॉर्सपॉवरचं वांकेल, म्हणजे रोटरीच, इंजिन बनवलं. २००९ मध्ये कोलारजवळ ते घेऊन निशांत उडालं. लहान, हलकं, थरथर कमी. विमानाला आणखी काय हवं?

बर्डीचा_बंड्या | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

मंग इंजिन अहिल्यानगरलेच पाठवून दे नं भाऊ, कोइम्बतूरपेक्षा जवळ पडन!

रामदासपेठी | ९ मार्च, रात्री ११:३०

उशिराबद्दल क्षमस्व. बेंगळुरूच्या एका सद्गृहस्थांनी त्यांचं रोटरी टेस्टर कुरिअरने पाठवलं. ओळख ना पाळख, फक्त "परत पाठवा आणि सोबत संत्राबर्फी" एवढीच अट. आकडे, २५० आरपीएमला बेतून:

पुढचा रोटर: ७.४, ७.२, ७.३
मागचा रोटर: ६.९, ५.२, ५.३

लेस्टरवासी | १० मार्च, पहाटे ४:१०

पुढचा ठणठणीत. मागचा बघ: दोन बाजू सारख्याच पडल्यात, तिसरी कशीबशी काठावर. दोन बाजूंच्या मधलं एपेक्स सील एकच असतं. ते किंवा त्याचं कॉर्नर सील गेलं की दोन्हीकडची हवा एकमेकांत जाते. एकच बाजू पडली असती तर मी साइड सीलकडे बोट दाखवलं असतं. तिन्ही पडल्या असत्या तर सरसकट झीज.

म्हणजे इंजिन म्हातारं झालेलं नाही, एका जागी मार लागलाय. असं इंजिन देऊन अनोळखी इंजिन घेणं मला तरी जड जाईल. तुझा पुढचा अर्धा भाग तू ओळखतोस. रिमॅनचा कुठलाच भाग ओळखत नाहीस.

हिंगणा_लेथ | १० मार्च, सकाळी ८:००

बरोबर. खोला पहिले, मंग ठरवा. खोलल्यावर प्लेटी अन् हाउसिंग दोन्ही खराब निघाले, तं रिमॅनचा इचार तेव्हा करा. खोलाच्या आधी दुकान निवडनं म्हंजे पोरगी पाह्याच्या आधी पत्रिका छापनं.

रामदासपेठी | १० मार्च, रात्री १०:२०

काकांना आकडे दाखवले. अर्धा तास गप्प होते. मग म्हणाले, "कॉइल मीच बदलल्या नाहीत ना." मला वाईट वाटलं. म्हटलं, काका, तुम्हाला कोण सांगणार होतं? इथे दुसरी गाडीच नाही.

कोइम्बतूरवाल्याला हिंगणा_लेथ यांचे दोन प्रश्न जसेच्या तसे विचारले, वर माझे दोन. त्याने तीन प्रश्नांची उत्तरं मापासकट दिली. चौथ्याला म्हणाला, "ते मी खोलल्यावर सांगेन, आता सांगितलं तर खोटं होईल." तिथेच माझं ठरलं. इंजिन लाकडी खोक्यात बांधून वाडीहून ट्रान्सपोर्टला टाकलं.

न्हावाशेवा | ११ मार्च, सकाळी ११:००

नंबरचे आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत ना? आणि ट्रान्झिट विमा?

रामदासपेठी | ११ मार्च, दुपारी १२:३०

फोटो हो. विमा तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता काढला.

रामदासपेठी | १८ एप्रिल, रात्री ९:१५

खोललं. मी स्वतः दोन दिवस तिकडे जाऊन आलो. मागच्या रोटरचं एक एपेक्स सील टोकाला तुटलेलं, त्याची खाच रुंदावलेली, आणि मागच्या हाउसिंगचा क्रोम कडेला पापुद्र्यासारखा उडालेला. पुढचं हाउसिंग छान. तिन्ही प्लेटी मोजून कागद हातात दिला, तिन्ही मापात, घासायची गरजच नाही. नंबरची प्लेट शाबूत. कॅट कापून दाखवला, आतून मेणासारखा वितळलेला.

यादी अशी ठरली: मागचं हाउसिंग नवं, मागचा रोटर दुसरा (मापून, वजन जुळवून), सगळी सीलं मूळ कंपनीची, पाण्याचे ओ-रिंग, बेअरिंग, चार कॉइल, चार प्लग, नवा कॅट, रेडिएटर. पुढचं हाउसिंग तेच. तो म्हणाला दोन्ही नवी घालूया, मी नाही म्हटलं. चूक की बरोबर?

उष्मागतिकी | १८ एप्रिल, रात्री १०:०५

मापात असेल तर बरोबर. वाचलेले पैसे रेडिएटरच्या पंख्यांना द्या.

लेस्टरवासी | १९ एप्रिल, पहाटे ३:२०

मी दोन्ही घातली असती, पण ते पैसे माझे नाहीत. एक कर: तेल सोडणाऱ्या नळ्या, म्हणजे ऑइल मीटरिंगचे नोझल, साफ करून प्रवाह तपासून घे. तुझ्या २००६ च्या इंजिनात रोटरमागे दोनच नोझल आहेत, २००९ पासून त्यांनी तीन केले. ते उगाच नाही केले. मी पेट्रोलच्या टाकीत थोडं टू-स्ट्रोक तेलही घालायचो, टाकीला शंभर-दीडशे मिली.

बर्डीचा_बंड्या | १९ एप्रिल, सकाळी १०:००

लूनाची आठवण आली भाऊ 😢

रामदासपेठी | १४ जून, रात्री १०:५०

सुरू झाली. पहिल्या झटक्याला नाही, तिसऱ्याला. आधी जुळवणीचं तेल जळून पांढरा धूर, मग शांत. दहा मिनिटं चालवून बंद केली, चहा घेतला, हात थरथरत परत किल्ली फिरवली. गरम असूनही लगेच सुरू. काका काही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

शेवटी खर्च रिमॅनच्या जाहिरातीतल्या किमतीपेक्षा जास्त झाला. कोअरची अनामत, भाडं, ड्युटी धरली तर कमी. आता पहिले दीड हजार किलोमीटर ४००० आरपीएमच्या खाली, ३०० ला पहिलं तेल बदलायचं. त्याची वॉरंटी सहाच महिन्यांची, तोंडी. पण तो फोन उचलतो.

पुणेरी_टोमणा | १५ जून, सकाळी ८:१५

अभिनंदन. मनापासून. समृद्धीवर कधी?

रामदासपेठी | १५ जून, सकाळी ८:४०

अजून १३६० किमी बाकी. फुटाळ्याला चकरा मारून पूर्ण करतोय.

हिंगणा_लेथ | १५ जून, रात्री ९:००

जुना रोटर फेकला तं नाई? मले दुकानात ठेवाले पाह्यजे होता, पोराईले दाखवाले.

रामदासपेठी | १५ जून, रात्री ९:२०

दादा, तो काकूने रॉकेलने धुऊन, गरम पाण्यातून काढून, फडक्यात गुंडाळून लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलाय. बरणी रिकामी झाली की आणून देतो.